दिंडीची गाडी आणि म्हाताऱ्यांची बैठक

॥ श्री पांडुरंग प्रसन्न ॥

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. दिंडीचे मूळपुरुष, वीणेची परंपरा, मुक्कामाची गावं ह्यांवर जाणत्या मंडळींनी ह्या अंकात लिहिलं आहे. आमच्या वाट्याला गाडीचा विषय आला. संपादक मंडळी म्हणाली, "बुवा, बैलगाडीमागं तुम्ही पोरपणी चाललात, ट्रकात सामान तुम्ही चढवलं, बसची आसनं निवडायलाही तुम्हीच होता. तुम्हीच लिहा." आमचं शिक्षण चौथीपर्यंत. कीर्तनात बोलतो तसंच लिहितो, गोड मानून घ्यावं.

कुणी म्हणेल, वारी पायांची, तिथं गाडीचा आणि बसायच्या जागेचा इतिहास कशाला? पण माउली, दिंडी नुसती चालणाऱ्यांची कधीच नव्हती. चालणाऱ्यामागं शिधा लागतो, राहुट्या लागतात, पाणी लागतं. आणि चालता चालता थकलेला, आजारलेला, वय झालेला माणूसही दिंडीचाच असतो. त्याला कुठं बसवायचं, हा प्रश्न आपल्या वाडवडिलांना पहिल्या वर्षापासून पडलेला आहे. त्याची उत्तरं कशी कशी बदलत गेली, तेवढंच इथं सांगायचं आहे.

सोहळ्यात वाहन नवीन नाही. संत तुकाराम महाराजांचे चिरंजीव नारायण महाराज ह्यांनी १६८५ साली पादुका पालखीत ठेवून सोहळा सुरू केला. त्याआधी वारकरी पादुका गळ्यात बांधून नेत, असं सांगतात. पुढं आरफळच्या हैबतबाबांनी माउलींच्या सोहळ्याला आजची शिस्त लावली. पालखी रथात आली, रथाला बैल आले. पुण्याहून सासवडला जाताना दिवेघाटात रथाला जादा बैलजोड्या लावतात, हे आपण दरसाल बघतो. म्हणजे पादुका पालखीत, पालखी रथात, रथ बैलांच्या खांद्यावर. चालणारा चालतो, आणि ज्याला वाहून न्यायचं त्याला वाहून नेतात. दोन्ही सेवाच.

आपली दिंडी निघाली तेव्हा दिंडीबरोबर बैलगाड्या असायच्या. माणदेशी गाव, रस्ते खडकाळ, गाडीची चाकं लाकडी आणि वर लोखंडी धाव. गाडीत तळाला शिध्याची पोती, त्यावर भांडी, त्यावर अंथरुणं, वरून तट्ट्या. म्हाताऱ्या माणसाला बसवायचं तर कडबा पसरून त्यावर घोंगडं टाकायचे. जुने गाडीवान एक गोष्ट काटेकोर पाळायचे. म्हाताऱ्याला गाडीच्या शेपटाला बसवायचे नाहीत. एक तर मागं वजन झालं की गाडी उलार होते, बैलांच्या गळ्याला फास बसतो. दुसरं म्हणजे चाक खड्ड्यात गेलं की सगळ्यांत मोठा हिसका शेपटालाच बसतो. कण्याच्या जवळ, जरा पुढच्या अंगाला बसलं की हाडं कमी हलतात. हे त्यांना कुणी शाळेत शिकवलं नव्हतं. आणि हेच शहाणपण शंभर वर्षांनी बसची आसनं लावताना आपल्या उपयोगी पडलं, ते पुढं येईल.

त्या काळी रेल्वेही होती. बार्शी लाईटची छोटी गाडी १९०६ साली कुर्डुवाडीहून पंढरपूरपर्यंत आली, आणि १९२७ साली तोच रूळ मिरजेपर्यंत गेला. जाताना पायी आणि गोपाळकाला झाला की परतताना रेल्वेनं, असं करणारे वारकरी पुष्कळ होते. म्हणजे परतीच्या वाटेला वाहन चालतं, हे तेव्हाच्या लोकांनीही मान्य केलं होतं. वाद होता तो जातानाचा.

मग एसटी आली. १ जून १९४८ ला पहिली गाडी पुण्याहून नगरला गेली. त्या पहिल्या गाड्यांना लाकडी बॉडी आणि काथ्याच्या गाद्या होत्या. आमचे वडील सांगायचे, काथ्याची गादी पहिल्यांदा ताठ लागायची, पण तासाभरानं कंबर धरायची नाही. काथ्यातून वारा खेळायचा. आळंदीला जाताना आपली म्हातारी मंडळी एसटीनं पुढं जाऊ लागली ती तेव्हापासून. पण आळंदी सोडली की पुढं पंढरीपर्यंत पुन्हा बैलगाडीच.

बहात्तरच्या दुष्काळानं बैलगाडी मोडली. दावणीची जनावरं छावणीला गेली, काही विकली, काही तशीच गेली. दिंडीला द्यायला कुणाकडं चांगली जोडी उरली नाही. त्यानंतर दिंडीनं भाड्याचा ट्रक सुरू केला. ट्रकानं पुष्कळ सोय झाली. राहुट्या मोठ्या आल्या, चुली गेल्या आणि गॅस आला, दिंडीची माणसं वाढली. पण एक गोष्ट बिघडली. बैलगाडीची साटी कमरेएवढी उंच, म्हातारं माणूस टेकून चढायचं. ट्रकाचा फाळका छातीएवढा उंच. वर चढायचं म्हणजे खालून दोघांनी उचलायचं आणि वरून एकानं ओढायचं. बसायचं कुठं, तर वळकट्यांच्या ढिगावर. धरायला एक दोर. पाऊस आला की ताडपत्री डोक्यावर ओढून घ्यायची, मग आत ना वारा ना उजेड.

ही तक्रार पुरुषांच्या बैठकीत कधी फार झाली नाही. कारण पुरुष शेवटपर्यंत चालायचे आणि चालता येईना तेव्हा गुपचूप घरी राहायचे. तक्रार झाली ती बायांच्या बाजूनं. आपल्या दिंडीत एक आजी होत्या. नाव लिहीत नाही, जुन्यांना कळेल. चाळीसेक वाऱ्या त्यांनी डोक्यावर तुळस घेऊन केल्या. पाय थकले तेव्हा तुळस सुनेच्या डोक्यावर दिली आणि स्वतः ट्रकात बसू लागल्या. एका मुक्कामाला ट्रकातून उतरताना हात सुटला आणि खाली आल्या. खुबा मोडला. त्या वर्षी पंढरी त्यांना दिसली नाही, पुढंही नाही. आम्ही घरी भेटायला गेलो तर म्हणाल्या, "बुवा, चालून न्हाई मेले, बसून मोडले." हे वाक्य दिंडीत पुष्कळ दिवस फिरत राहिलं. त्यानंतर दोन-तीन वर्षांत सात-आठ म्हाताऱ्या बायांनी वारीच सोडली. ट्रकात चढायची भीती.

मग बसचा विषय निघाला. पण निघाला तसा मिटला नाही. वीणेकरी आण्णांचा स्पष्ट विरोध होता. ते म्हणायचे, "वारी पायानं. गुबगुबीत आसनावर बसून गेलं तर ती सहल. आज म्हातारं बसंल, उद्या त्याचा नातू बसंल." आण्णांचं म्हणणं टाकाऊ नव्हतं. सोय वाढली की शरीर तिची वाट बघत बसतं, हे आम्ही शेतातही बघितलं आहे.

ह्या वादाला वळण लागलं ते २०२० साली. करोनामुळं पायी वारी बंद. ३० जूनला माउलींच्या पादुका एसटीत ठेवून पंढरीला निघाल्या, दुसऱ्या दिवशी १ जुलैला एकादशी. आपण सगळ्यांनी घरी बसून टीव्हीवर बघितलं. २०२१ सालीही पादुका एसटीनंच गेल्या. आण्णांनी त्या दिवशी टीव्हीसमोर उभं राहून वीणा वाजवली, गाडी पंढरीत पोचेपर्यंत खाली बसले नाहीत. नंतर बैठकीत स्वतःच म्हणाले, "देवानं आसन नाकारलं न्हाई, मग आपण म्हाताऱ्याला नाकारणारे कोण? पण आसन कसलं असावं त्याचा इचार नीट करा." दिंडीच्या इतिहासात हा शब्द सोन्याचा आहे. गाडी घ्यायची परवानगी त्यांनी दिली, आणि काळजीही घालून दिली.

तरी एक आडवा मुद्दा आला. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तर वर्षांवरच्यांना एसटी फुकट झाली, आणि मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट. काही जण म्हणाले, "आता दिंडीनं कशाला खर्च करायचा? एसटीनं थेट पंढरीला जावा." बायांनीच उत्तर दिलं. एसटी पंढरीला नेते, तरडगावच्या मुक्कामाला नेत नाही. चांदोबाच्या लिंबाजवळचं उभं रिंगण, नीरेकाठचं माउलींचं स्नान, संध्याकाळची समाजआरती, हे एसटीच्या तिकिटात येत नाही. म्हाताऱ्या माणसाला नुसती पंढरी नको असते, त्याला आपली दिंडी पाहिजे असते. इथं विषय संपला.

गाडी मिळाली ती एका कारखान्याची कामगार ने-आण करणारी जुनी बस, चाळीस आसनांची. इंजिन चांगलं, पत्रा बरा, आसनं पार गेलेली. रेक्झिन फाटलेलं, आतला स्पंज दाबून पापडासारखा झालेला. म्हणजे आसनं नवी घालायचीच होती. मग कसली?

तरुण मंडळी म्हणाली, झोपायच्या बर्थ टाकू, ट्रॅव्हल्सला असतात तशा. ऐकायला छान. पण वरच्या बर्थवर चढणार कोण? आणि वारीत बस चालते किती? एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामाला पंधरा-वीस, फार तर तीस किलोमीटर, ती पण गर्दीत मुंगीच्या पावलानं. पुढं मुक्कामावर तासन्‌तास उभी. म्हणजे आपल्याला झोपायचं आसन नको, बसायचं आणि मुख्य म्हणजे उठायचं आसन पाहिजे. दिवसातून दहा वेळा म्हातारं उतरणार, चढणार.

मग गॅरेजवाल्याकडून तीन तऱ्हेची आसनं मंदिरात आणली, एकेक नग. आणि दिंडीतल्या नऊ म्हाताऱ्या माणसांना पाळीपाळीनं बसवलं. किती वेळ? तर एक पूर्ण हरिपाठ होईपर्यंत. सत्तावीस अभंग म्हणजे अर्धा तास सहज जातो. दुकानात माणूस दोन मिनिटं बसतो आणि मऊ लागलं की घेतो. आसनाचा खरा गुण अर्ध्या तासानं कळतो, ही युक्ती आण्णांची.

पहिलं आसन ट्रॅव्हल्सचं, मागं कलणारं. एशियाडच्या खेळांच्या गाड्या १९८२ नंतर आपल्याकडं आल्या आणि लोकांना ऐसपैस आसनांची गोडी लागली, तेव्हापासून लोकांच्या मनात चांगलं आसन म्हणजे हेच. सगळे म्हणाले, लई भारी. हरिपाठ संपला आणि उठायची वेळ आली तर नऊपैकी सहांना हात द्यावा लागला. आसन इतकं मऊ की माणूस आत रुतलेला. गुडघे वर, बूड खाली. गुडघेदुखीवाल्याला ह्यापेक्षा वाईट बैठक नाही. शिवाय पुढच्यानं पाठ कलवली की मागच्याचा गुडघा अडकला.

दुसरं आसन शहरातल्या बसमधलं, प्लास्टिकचं. धुवायला सोपं, पावसानं बिघडत नाही. पण नऊवारी नेसलेल्या आजी त्यावरून पुढं घसरायच्या. हाडं निघालेल्या माणसाला पाचव्या-सहाव्या अभंगालाच टोचायला लागलं.

तिसरं आसन साधं. पाठ सरळ आणि डोक्यापर्यंत उंच, न कलणारं, आत घट्ट स्पंज. बसल्यावर पहिल्यांदा कुणालाच आवडलं नाही. पण हरिपाठ संपल्यावर आठ जण आपले आपण उठले. त्याच दिवशी ते ठरलं.

पण तिसऱ्या आसनातही दुरुस्ती लागली. आम्ही सुतळी घेऊन प्रत्येकाच्या टाचेपासून गुडघ्याच्या लवणीपर्यंत माप घेतलं. गडीमाणसांचं सोळा-सतरा इंच, आज्यांचं चौदा-पंधरा. आसन सतरा इंच उंच. म्हणजे आज्यांचे पाय लोंबकळणार. पाय लोंबकळले की मांडीखालून दाब येतो आणि संध्याकाळी पाय सुजतात. त्यासाठी बायांच्या रांगांना पायाखाली फळी ठोकून दिली. दुसरं, आसनाची खोली. पाठ मागं टेकल्यावर गुडघ्याची लवण आणि आसनाची कड ह्यांच्यात तीन-चार बोटं जागा राहिली पाहिजे. आज्यांना ती राहत नव्हती, म्हणून त्यांच्या पाठीमागं जाड उशी शिवून बांधली. बाहेरच्या बाजूचा हात वर उचलता येईल असा घेतला, म्हणजे बसताना आडवं यायचं नाही आणि उठताना त्यावर जोर देता येईल.

मापं झाल्यावर जागा. इथं गाडीवानांचं शहाणपण कामाला आलं. बसच्या मागच्या चाकाच्या पाठीमागं सगळ्यांत जास्त आपटतं, बैलगाडीच्या शेपटासारखंच. म्हणून मागच्या तीन रांगा काढून टाकल्या आणि तिथं वळकट्या, औषधाची पेटी, पाण्याचे कॅन ठेवायची जागा केली. फक्त संकटकाळच्या दरवाजापुढं काही ठेवायचं नाही, असं रंगानं लिहून टाकलं. उरलेल्या सात रांगांच्या जागेत सहाच रांगा बसवल्या. दोन आसनांमधलं अंतर साडेचार इंच वाढलं, गुडघा मोकळा झाला. चाळिसाची चोवीस आसनं झाली. ज्यांची कंबर नाजूक त्यांना दोन चाकांच्या मधल्या रांगा. ड्रायव्हरशेजारी इंजिनाची धग येते, म्हणून तिथं म्हातारं बसवायचं नाही.

गॅरेजवाल्याला एक गोष्ट ठासून सांगितली. आसनाचे बोल्ट नुसत्या पत्र्यात नकोत, खालच्या आडव्या लोखंडी पट्ट्यांत पाहिजेत, आणि खाली रुंद वायसर पाहिजे. पत्र्यातला बोल्ट ब्रेक लागला की उपटून येतो. आसनांची संख्या बदलायची तर आधी आर.टी.ओ.ची परवानगी लागते, कायद्याचं ५२ वं कलम आहे. ती रीतसर काढली आणि आर.सी. बुकात चोवीस आसनं चढवून घेतली. दाराला खाली एक उघडमिट होणारी पायरी आणि दोन्ही बाजूंना धरायला दांडी लावली. आता चढायला कुणी उचलायला लागत नाही.

वरचं कापड कसलं, ह्यावर बायांचा शब्द चालला. कापडी आसन पावसात भिजलं की तीन दिवस वाळत नाही, वास मारतं. रेक्झिन पुसून निघतं, पण उन्हात अंगाला चिकटतं. म्हणून आसन रेक्झिनचं आणि वर जुन्या लुगड्यांची वाकळ. गावातल्या लेकीसुनांनी चोवीस वाकळा शिवल्या. भिजली की काढायची, वाळवायची, पुन्हा घालायची. पहिली वाकळ त्या तुळशीच्या आजींच्या लुगड्याची आहे. सुनेनं दिली.

शेवटचा तंटा नावांचा झाला. काही देणगीदार माउलींनी आसनाची किंमत दिली आणि पाठीवर नाव घालायची इच्छा धरली. त्यांचा भाव वाईट नव्हता. पण बैठकीत बायाबापड्यांनी विचारलं, नाव घातल्यावर त्या आसनावर दुसऱ्या कुणी बसायचं का नाही? वारीत सगळे एकमेकांच्या पाया पडतात. थोरला धाकट्याच्या, शेतमालक गड्याच्या. तिथं आसनाला मालक कसा चालेल? शेवटी ठरलं, नावं पावती पुस्तकात, आसनावर फक्त नंबर. आणि बसायचा नियम एकच, ज्याचे गुडघे दुखतात त्याची जागा. मालकीची जागा कुणाची नाही. आज चालणारा उद्या थकला तर एका मुक्कामापुरता बसेल, बरं वाटलं की उतरेल. दाते मोठ्या मनाचे, त्यांनी मान्य केलं, आणि एकानं तर स्वतःच्या हातानं नंबर रंगवले.

आण्णांच्या शंकेवर उपाय म्हणून अजून एक शिस्त आहे. मुक्काम जवळ आला की बस अलीकडंच थांबते. ज्याला दहा पावलं जमतात तो दहा, ज्याला शंभर जमतात तो शंभर पावलं दिंडीबरोबर चालतो. काठी टेकत, खांदा धरत, पण समाजआरतीला उभा राहतो. वारी सोडलेल्या त्या सात-आठ बायांपैकी पाच जणी परत आल्या. उरलेल्या तोपर्यंत देवाघरी गेल्या होत्या.

पुढच्या पिढीला एवढंच सांगणं. दरसाल ज्येष्ठ लागला की आसनांचे बोल्ट पान्यानं तपासा. स्पंज दाबून बघा, अंगठ्याचा खड्डा लगेच भरून आला नाही तर बदला. वाकळा उन्हात घाला. आणि नवी गाडी घ्यायची वेळ येईल तेव्हा कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका. आसन मंदिरात आणा, आपल्या म्हाताऱ्या माणसांना त्यावर बसवा, एक हरिपाठ होऊ द्या, आणि ती आपली आपण उठतात का ते बघा.

रामकृष्ण हरी.